समुद्रसपाटीपासून

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात
सीताबर्डीवर थर्मल मागितले
तर दुकानदाराने आधी मला पाणी दिलं.
मग पोऱ्याला माळ्यावर चढवलं.
डांबरगोळ्यांच्या वासासकट खाली आलेला
उणे पाच अंशांचा तो गठ्ठा
छातीशी धरून ऑटोत बसले.
बाहेर पंचेचाळीस पूर्णांक आठ.
अंदाजाने नाही सांगत.
एकतीस वर्षं सोनेगावच्या वेधशाळेत
हा आकडा मीच वहीत उतरवत होते.

भूतान. सहा रात्री, सात दिवस.
प्रतापनगरात, बहिणीच्या ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत
रितेश बोदेले आम्हा अकरा जणांना बसवून सांगतो:
आधार कार्ड तिथं चालत नाही,
मतदार ओळखपत्र, नाहीतर पासपोर्ट.
दर रात्रीचे बाराशे त्यांच्या सरकारचे, ते वेगळे.
हावड्याला गाडी बदलायची,
ज्याची बॅग त्यानंच उचलायची.
विमल ढोके हात वर करते.
तिच्या कार्डावर नावासमोर 'पुरुष' छापलंय.
बावीस वर्षं तिने तसंच मतदान केलं,
कोणी हरकत घेतली नाही.
रितेश कपाळावरचा घाम पुसतो.
"तहसीलीत जावं लागेल, मावशी.
आणि सावजीचा मसाला दोन किलो नाही, पावभर."

पाचव्या दिवशी चढ आहे. वाघिणीची गुहा,
कड्याला चिकटलेला मठ.
निवृत्त पोस्टमास्तर गजभिये म्हणतात,
"वाघासाठी येवढ्या लांब काऊन जाचं?
पेंच काय वाईट हाय?"
सगळे हसतात. मी हसत नाही,
मी गणित करत असते.
नागपूर, समुद्रसपाटीपासून तीनशे दहा मीटर.
मठ, तीन हजार एकशे वीस.
म्हणजे दहा नागपुरं एकावर एक,
आणि वर उभं राहायला जरा जागा.

या सपाट गावात चढाचा सराव कुठं करायचा?
उड्डाणपुलावर पायी जाऊ देत नाहीत.
म्हणून पहाटे पाचला, ऊन उठायच्या आत,
विमल आणि मी आमच्याच इमारतीचे चार मजले,
पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाच-पाच किलो तांदूळ.
तिसऱ्या फेरीला गुडघा बोलतो,
सातव्या फेरीला दुसऱ्या मजल्यावरचे देशकर
दार किलकिलं करून विचारतात, लिफ्ट बंद आहे का?

फॉर्म मात्र राहूनच गेला होता.
रक्तगट, गोळ्या, शाकाहारी की कसं,
आणि सगळ्यात खाली:
आणीबाणीत कोणाला कळवायचं?
मी विमलचं नाव लिहिलं. तिने माझं.
रितेशने दोन्ही फॉर्म परत दिले.
"मावशी, दोघी एकाच गाडीत असाल.
जो मागं राहणार आहे त्याचं द्या."

मुलगा ऑकलंडला. आपल्याकडे दुपार असते
तेव्हा त्याचा फोन झोपलेला.
भावाला ऐकू येत नाही,
वहिनीला ऐकू येतं ते सगळ्या खामल्याला कळतं.
पेन तसंच धरून गॅलरीत आले.
खाली कडुनिंबाच्या सावलीत चैतराम
कोळशाची इस्त्री फुंकत होता.
सोळा वर्षं झाली,
कुठली साडी कोणाच्या घरची
हे तो खुणेशिवाय सांगतो.
माझ्या दाराची एक किल्ली त्याच्याकडेच असते.

उतरले. या वेळी सॅकशिवाय.
"चैतराम, तुझं आडनाव काय रे?"
तो गोंधळला. सोळा वर्षांत
कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही.
"क्षीरसागर," म्हणाला.
समुद्रापासून इतक्या लांब, आमच्या फाटकाशी
तो रोज उभा होता.

मी रकाना भरला. मोबाईल नंबर त्याने दोनदा सांगितला,
मी दोनदा वाचून दाखवला, वेधशाळेच्या सवयीने.
मग निखारा मागंपुढं करत
खाली बघत तो म्हणाला,
"अन् मॅडम, फोन आलाच,
त मी काय बोलाचं?"

थर्मलचा गठ्ठा अजून टेबलावर आहे.
याला काय उत्तर द्यायचं
ते रितेशच्या यादीत नाही.