रिंगीचं झाड

वेंगुर्ल्यात सोनारआळीच्या मागे
रिंगीचं एक झाड आहे.
त्याला कोणी पूजत नाही, दोरा बांधत नाही.

शिमग्याच्या सुमारास फळं पडायची,
चिकट, सुरकुतलेली.
दत्ताराम शेट रात्री पाच-सहा भिजत घालायचे
आणि सकाळी त्या पाण्यात घासायचे
लोकांच्या घामाने मळलेलं सोनं.

मी हाताखाली होतो.
कडवट फेसात
नथीला चिकटलेला माशाचा खवला सुटायचा,
बुगडीतलं जुनं खोबरेल.
एकदा शिरोड्याच्या द्रौपदीची पुतळ्यांची माळ आली,
तिची हळद निघता निघेना.
"माळ मोडूचीच आसा, कित्याक घासतास?"
"हळद वजनात धरूची नाय,"
एवढंच बोलून शेट घासत राहिले.

ते पाणी मोरीत ओतायचं नाही, हा दंडक.
निवळायचं, तळचे कण टिपायचे,
उरलेलं झाडाच्या बुंध्याशी.

आता दुकानात मशीन आहे, नुसतं गुणगुणतं.
फळं पडतात, स्कूटरखाली चिरडतात.

परवा एक वाळलेलं उचललं,
कानाशी हलवलं.
आत काळी बी वाजली,
डबीत एकच पुतळी
उरावी तशी.