मुहर्रक, सामान्यज्ञानाचा तास

फळ्यावर सन लिहिला : एकोणीसशे बत्तीस.
बहारीनच्या वाळूत पहिलं तेल.
मुलांनी उतरवून घेतला, खाली रेघ मारली.
त्याआधीचा शोध, लांब जपानातला :
शिंपल्यात पेरून मोती पिकवता येतो.
दोन गुण.

शाळेच्या बसवरचा हमूद
दाराला टेकून ऐकत होता.
म्हणाला, टीचर, माझा आजा बुडी मारायचा.
मोती जपानी झाले,
आणि हा घरी बसला.
कान तर केव्हाचेच फुटलेले.

तन्मयीनं पेन उचललं :
बाई, हे परीक्षेला आहे?

तेल लागलं त्या दिवशी गल्लीभर गलका,
आजा अंगणात दोर वळतोय.
कुणी खांदा हलवून
खुणेनं सांगितलं : खाली, खोल, सापडलं.

त्यानं मान वर केली.
विचारलं म्हणे,
गोडं आहे का पाणी?