हलका

साखर रेशनची.
एवढंच गणवीर सरांना सांगितलं नाही.

पाण्यात विरघळवून स्टीलच्या जाड डब्यात बंद,
एकशे ऐंशी अंशांवर रात्रभर.
सकाळी झाकण फिरवलं की करपलेल्या गुळाचा वास
आणि तळाशी काळपट गाळ:
कार्बनचे गोळे,
केसाच्या रुंदीवर शंभरेक ओळीनं बसतील असे.

त्यांच्यावर यिट्रियमचा लेप,
त्यात शंभरात पाच युरोपियम.
युरिया बाटलीतला, महाग.
(बाबांनी विचारलं होतं, आपल्या धानाचा चालत नाही का.)

मग भट्टी. मिनिटाला एक अंश.
घाई केली तर कवच तडकतं.
गेल्या गुरुवारी साडेपाचशेवर लाइट गेली, पूर्ण आरमोरीची,
आणि सर म्हणाले, पुन्हा साखरेपासून.

आठशेपर्यंत पोचता पोचता कार्बन जळून जातो.
ज्याच्या अंगावर आकार घेतला
तोच कवचाच्या भोकांतून
वायू होऊन निघून जातो.
आकार राहतो.
प्रबंधात मी लिहिलं: साचा काढून टाकला.

घरी येनावरचे कोसे उतरवले
की थोडे बियाण्याला ठेवतात.
पाखरू निघून गेलं की उरतो फुटका कोसा,
त्याचं रीळ निघत नाही, भाव निम्मा.
आई त्याला रिकामा म्हणत नाही.
हलका म्हणते.

बाबा बाजाराला आले तसे थेट प्रयोगशाळेत,
खिशात कावळ्यांसाठीची गुलेर तशीच.
चपला बाहेर काढल्या. मी नको म्हटलं तरी.
खिडकीला पोतं लावलं, ट्यूब बंद केली,
दोनशे चौपन्नचा दिवा लावला.

काचेवरची पांढरी भुकटी
लाल झाली.
लहानपणी चाचेरेंच्या टीव्हीला नाक लावून बसायचो,
चित्र विरून नुसते ठिपके दिसायचे,
त्यातला लाल. तोच.

मग फोटो दाखवला, नागपूरहून आलेला.
वीस हजार पट मोठे करून हे एवढाले गोळे,
कोपऱ्यातला एक फुटलेला.
तो फुटला म्हणून बाकीच्यांचं कळलं.

बाबांनी त्या भोकावर बोट ठेवलं.
'अंदर का आहे, पोरी?'
काहीच नाही, बाबा.
'मंग उजेड कोनाचा?'

मला उत्तर येत होतं.
वरच्या पातळीवरून खाली येणारा इलेक्ट्रॉन,
सहाशे अकरा नॅनोमीटर,
तोंडी परीक्षेत एका दमात सांगितलं असतं.
म्हटलं, शंभरातल्या पाचांचा.

बाबा हसले. दोन वर्षांमागच्या पावसात
शंभर अळ्यांमागं तेवढ्याही
झाडावर उरल्या नव्हत्या.
'पाच भल्ले झाले.'

दिवा बंद केला.
बाबा अंधारात जरा थांबले,
थोडा तरी उरतो का पाहायला.
हा उरत नाही.
मागं भट्टी होती, तीनशे चाळीसवर,
उतरत.