आधी वाचा

बेथेलच्या फायर हाउसात, व्हरमाँटमध्ये, सोमवारी रात्री
डॉरिनने माझ्यापुढे पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं:
अठरा रेडिओ, एक केबल
आणि मर्टनची वही.
"तुला कॉम्प्युटर कळतो ना," ती म्हणाली.
मी शाळेच्या बसच्या डिझेलचे हिशेब ठेवते.
पण कॉफी आधीच ओतून झाली होती,
नाही म्हणायला उशीर झाला.

मर्टन लाफ्लॅमने तीस वर्षं हे एकट्याने केलं.
मार्चमध्ये झटका आला, उजवी बाजू राहिली,
वाचा गेली.
वहीत त्याचं पेन्सिलीचं अक्षर,
वाऱ्याने झोपवलेल्या गवतासारखं,
आणि पहिल्याच पानावर, खाली दोन रेघा:
आधी वाच. मग लिही.
न वाचता लिहिलंस तर रडशील.

त्याच्या भाषेत अर्थ एवढाच,
की रेडिओच्या पोटात काय आहे ते काढून घे,
जपून ठेव, मग नवं भर.
पडद्यावरच्या बटणाचं मी मनात मराठी केलं
आणि बोट तिथेच थांबलं.
वाचा.
पुस्तकापुढे बसवताना हेच म्हणतो आम्ही,
पुराच्या पाण्यात कोणी दिसलं तर हेच,
आणि मर्टनच्या तोंडातून जे गेलं
तेही हेच.

भिंतीवर मागच्या पुराची रेघ आहे,
माझ्या खांद्याएवढी. रंग दिला तरी वर येते.

पहिला आठवडा केबलने खाल्ला.
लॅपटॉप म्हणे, काही जोडलेलंच नाही.
कोल्बीने, वय सतरा,
ती उपटली, पुन्हा खुपसली, आणि चालली.

वाहिनीच्या नावाला सहाच अक्षरं.
टेकडीवरचा रिपीटर, नदीकाठचे पंप,
शेजारच्या गावाची कुमक,
सगळ्यांचे स्वर काढून टाकले
आणि व्यंजनांवर भागवलं.

चौथ्या रेडिओत टोन चुकला.
एका आकड्याने.
हिरवा दिवा लागतो, म्हणजे कोणीतरी बोलतंय,
आणि स्पीकर गप्प.
डॉरिन तासभर हाका मारत होती
आणि कोल्बी निवांत गवत कापत होता,
कमरेला दिवा लुकलुकत.
नशीब, जळलेल्या पावाचा धूर होता नुसता.
असे संसार मी पाहिलेत.
त्या रात्री उठून सगळे आकडे पुन्हा तपासले.

अठरावा झाला तेव्हा लॉरेन आली, मर्टनची बायको,
पर्समधून एकोणिसावा काढत.
"त्याचा आहे. चार्ज नीट होत नाही."
मी आधी वाचला.
सोळाव्या वाहिनीचं नाव होतं: सपर.
इंग्रजीत बरोबर सहा अक्षरं, स्वरांसकट.
"ह्यावर मी त्याला जेवायला हाक मारायचे," ती म्हणाली.
"नियमात बसत नाही, ठाऊक आहे मला."
बाकीच्या पंधरा मी नव्याने लिहिल्या.

पुढच्या सोमवारी हजेरी.
सात, हजर. आठ, हजर.
अकरा नुसता खोकला.
अठरा झाले, आणि डॉरिन जरा थांबून
यादीत नसलेलं बोलली: एकोणीस?

खरखर.
मग बटण दाबल्याचं टक, टक,
रँडॉल्फच्या नर्सिंग होममधून,
नाहीतर दुसरीकडून कुठून.
"बॅटरी सैल असली तरी असंच वाजतं," कोल्बी म्हणाला.
डॉरिनने त्याच्याकडे नुसतं पाहिलं
आणि यादीच्या खाली आकडा लिहिला.

घरी जाण्याआधी मी मर्टनच्या वहीत,
त्याच्या शेवटच्या ओळीखाली, माझी पहिली लिहिली:
केबल चालत नसेल तर उपटून पुन्हा खुपसावी.
मराठीत लिहिली गेली,
हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं.