जागा सोडून

ऑब्री सरांचा मेसेज सदरमधून, तीन ओळींचा:
सहा डीबी जागा सोड.
मास्टरवर लावलेलं सगळं काढ.
शेवटी फेड करू नको, ते माझं काम.

मेचा दुसरा आठवडा, पारा सेहेचाळीस.
मानेवाड्यात गच्चीवरच्या या खोलीत
भिंतींना गोधड्या, दाराच्या फटीत सतरंजी
आणि कूलर बंद,
कारण तो सुरू असला की त्याचा पंप
प्रत्येक गाण्यात गुणगुणतो, न विचारता, एकाच सुरात.

लिमिटर काढला.
गाणं एकदम बसलं,
मांडव उतरवल्यावरच्या अंगणासारखं:
खुंट्यांची भोकं दिसतात,
पत्रावळी कुठे टाकल्या होत्या तेही दिसतं.
दोन महिने मी मोठ्या आवाजालाच
चांगला आवाज समजत होते.

कमाल म्हणतो, "काहून कमी करून राहिली वं?
ढोलकी मेली ना पुरी."
मेली नाही, कमाल.
आधी ती धडकत होती, आता चालते आहे.
तो मानत नाही. फोनवर ऐकतो,
मग मामेभावाच्या ऑटोत, मेडिकल चौकापर्यंत जाऊन-येऊन,
आणि घाम पुसत वर येऊन विचारतो,
"हाव, पण बेस कुठं गेला?"

त्या ऑटोत बेस कधीच नव्हता.
पण ही खोलीही खोटं बोलते, हे मला माहीत आहे.
कपाटाच्या कोपऱ्यात खालचे सूर
टाकीच्या तळाला गाळ साचावा तसे साचतात.
कपाट हलवायचं तर आईच्या साड्या कुठे ठेवू?
म्हणून मोनोत ऐकते,
जिन्यात उभी राहून ऐकते,
इतकं हळू, की खाली कुणी कांदा परतला
तर कढई जिंकते.
तरीही शब्द कळला, तर शब्द जागेवर आहे.

मग एकेक आवाज खाली.
एकावर एक रचलेले प्लगइन,
ज्यांची नावं मला आवडायची म्हणून लावले होते,
तेही काढले. काय फरक पडला?
पडलाच नाही. याची थोडी लाज वाटली.
दुसऱ्या कडव्यात मी माझा श्वास कापला होता,
तो परत आणून बसवला.
त्याच्याशिवाय ती ओळ
विहिरीत वाकून न बघता बोललेली वाटत होती.

फाइलींची नावं वाचते:
फायनल, फायनल दोन, फायनल खरंच,
फायनल कमालचं, फायनल कमालला न सांगता.
सगळी पुसते. शून्य एक, शून्य दोन, शून्य तीन.
चोवीस बिट. रेकॉर्ड केलं तसंच, एम्पीथ्री नाही.

सोबत चिठ्ठी लिहिते:
सर, तिसऱ्यात दोन मिनिटं अकरा सेकंदांवर
अजनी यार्डातली शिट्टी आहे.
ती मी रिव्हर्बखाली दडपून पाहिली,
कापून पाहिली, सात टेक परत गाऊन पाहिलं.
ती कोमल गंधाराच्या जरा खाली लागते
आणि माझ्यापेक्षा ठाम लागते.
चूक समजू नका. राहू द्या.

शेवटचं गाणं मी सुरापाशी संपवत होते.
आज फेड काढला
तर सूर गेल्यावरही खोली उरलेली,
गोधडीची सळसळ, ढोलकी जमिनीवर टेकल्याचा ठोका,
आणि कमालचा आवाज, ज्या आवाजात तो
माझ्याशी कधी बोलत नाही:
"बरं वाजलं का गं?"

चार सेकंद.
कात्री त्या जागेवर नेली, मागे घेतली.
कुठे थांबायचं ते सर ठरवतील.
मी फक्त जागा सोडते.

अपलोड आठ टक्के. नऊ.
सतरंजी काढून दार उघडलं, बटण दाबलं.
वाळ्याच्या ताटीवर पाणी चढलं, पंप गुरगुरला.
वाज बाबा, आता किती वाजायचं ते वाज.