उघाडी

आधी गार जेल लावते छातीवर.
तो दचकतो, मग हसतो.
"भरतीचं पानी गो," म्हणतो.

दिवसाला तीस-चाळीस छात्या येतात हाताखाली,
नेरुळच्या या खोलीत, दिवा मालवून.
नावं लक्षात राहत नाहीत, झडपा राहतात.
आजच्या कागदावर लिहिलंय:
हसुराम जोमा तांडेल, वय एकाहत्तर, करावे गाव.
नातं लिहायला रकाना नाही.

डाव्या कुशीवर वळ, बापू.
श्वास सोड. थांब.

पडद्यावर पांढऱ्या दोन पात्यांची उघडमीट.
येणाऱ्याला वाट देतात,
परतू बघणाऱ्याच्या तोंडावर मिटतात.
तो मान वळवून बघतो, जे पेशंटनं करायचं नसतं,
आणि उठायलाच लागतो:
"यी तं उघारी! आपले बांधाची उघारी!"

तुम्हाला कुठली ठाऊक असणार उघाडी.
खाडीच्या बांधात बसवलेलं लाकडी दार.
भरती चढली की तिच्याच रेट्यानं मिटायचं,
ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडायचं.
कुलूप नाही, माणूस नाही,
पाणीच पाण्याचं राखणदार.
आणि रात्री कधी बांधाला खांड पडली
तर सगळं गाव चिखल-पेंढा घेऊन धावत सुटायचं.
त्या जागेवर आता सेक्टर आहे.
त्याला आकडा आहे.

उघाडी शाबूत आहे, बापू. पडून राहा.

मी भिंत मोजते.
डावा कप्पा, चौदा मिलिमीटर. अकरापर्यंत चाललं असतं.
वर्षानुवर्षं चढ्या दाबाशी झुंजून जाड झालीय,
मिठागरात फावडं ओढून याचे दंड झाले होते तशी.
दंडांचं कौतुक व्हायचं.
याचं होत नाही.

मग खाली सरकते आणि हात थांबतो.
सगळी भिंत आकसते, सैलावते,
एक तुकडा मात्र गप्प.
रुसून बसलेल्या माणसासारखा गप्प.

हे जुनं आहे.
गेल्या वैशाखातलं असेल,
धाकटीच्या हळदीच्या रात्रीचं,
जेव्हा याला घाम फुटला होता, जबडा दुखत होता,
आणि "पित्त झालंय" म्हणत हा मांडवामागे जाऊन बसला.
सोडा मीच फोडून दिला.
ढेकर आल्यावर आम्ही सगळे हसलो.
मी हसले. मी, जी रोज हेच बघते.

निदान सांगायचं नाही, हा आमच्या खोलीचा नियम.
मी कागदानं जेल पुसते,
जरा जास्तच वेळ.

पुढचं सगळं रीतीनं झालं.
मनगटातून तार गेली, फुगा फुगला,
कोळंबीच्या जाळ्याहून बारीक जाळी बसली.
गप्प तुकडा गप्पच राहणार, डॉक्टर म्हणाले,
बाकीच्यांना सांभाळायचं.
रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही.
विडी बंद. सुकट बंद, खारे बोंबील बंद.
मीठ दिवसाला एक छोटा चमचा, सगळ्यात मिळून.

"खाल्ले मिठाला जागलू ना मी," तो डॉक्टरांना म्हणाला,
"मंग मीठच कसं उलटलं?"
डॉक्टर लातूरचे. त्यांना वाटलं, म्हातारा विनोद करतोय.

आता रोज सकाळी ओट्यापाशी तो स्टूल ओढून बसतो.
मी बरणी उघडते, चमचा बुडवते.
त्याचे डोळे चमच्यावर, जसे कधी मापावर असायचे:
ठेकेदार माप शीग लावून भरून घ्यायचा
आणि पैसे सपाट मापाचे द्यायचा.
मापात पाप, चाळीस वर्षं.

"थोरी शीग ठेव ना गो बाय."

मी बोटानं शीग पुसते.
बोटाला लागलेलं मीठ तो बघतो.
मीही बघते.
नळाखाली हात धरते.