अठ्ठावीस दिवसांचा ठोकळा

अहवालाच्या पहिल्या खर्ड्यावर
स्वान्सीहून ह्यू साहेबांची लाल शाई :
‘आम्ही’ काढा. जिथे जिथे असेल तिथे ‘मी’ लिहा.
सनद एका माणसाला मिळते, टोळीला नाही.

पाच हजार शब्दांत एकशे बारा ‘आम्ही’ निघाले.
बसले एकेक उपटत, तण काढावं तसं,
पत्र्याच्या खोलीत, रॉकेलच्या हीटरला पाय लावून.
बाहेर मोखोतलाँगचा जुलै,
बादलीतलं पाणी लाकडासारखं वाजणारा.

आम्ही खांब उभे केले. मी खांब उभे केले.
आम्ही नदी वळवली. मी नदी वळवली.
वाचून माझं मलाच हसू आलं :
पाच फुटांची बाई, नदी वळवते म्हणे.

एक ‘आम्ही’ मात्र निघेना.
अकरा जूनच्या रात्रीचा.
तिसऱ्या खांबाचं काँक्रीट ओतायचं होतं,
मिक्सर फिरत होता, तापमापक पाच दाखवत होता
आणि कागदावर पाचला परवानगी आहे.
न्ताते मोखेथीने हातमोजा काढला,
साच्याच्या पत्र्यावर तळवा टेकला
आणि तसाच ठेवला, बराच वेळ,
तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
म्हणाला, म्मे नेरिस, पहाटे हे चावेल.

मी काम थांबवलं.
सहा घनमीटर माल ओढ्याकाठी ओतून दिला.
मॅनेजरच्या शिव्या मी खाल्ल्या, सही माझी.
पहाटे उणे सात.

मुलाखत दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाली,
सिग्नल तिथेच येतो.
लसींच्या फ्रिजवर लॅपटॉप,
पडद्यावर दोन परीक्षक : एक गृहस्थ, टाय लावलेले,
आणि एक बाई, ज्यांचं कुत्रं मधेमधे आपलं मत नोंदवत होतं.
‘त्या रात्रीचा निर्णय नेमका कोणाचा?’
खिडकीबाहेर घोंगडी पांघरलेला एक जण
घोडा धरून उभा होता, बायको आत, बाळंतपणाला.
मी म्हणाले, निर्णय माझा.
माहिती दुसरीकडून आली.
‘दुसरीकडून म्हणजे? कुठल्या उपकरणातून?’

चित्र थिजलं.
टायवाल्या गृहस्थांचं तोंड अर्धं उघडं, तसंच राहिलं.
परत हललं तेव्हा ते पुढच्या प्रश्नावर होते,
सुरक्षेच्या, मला वाटतं.
ते उत्तर राहूनच गेलं.
मीही मागे वळून दिलं नाही, हेही खरं.

पाच आठवड्यांनी पत्र.
नावापुढे चार अक्षरं, दोन मोठी, दोन लहान,
वर्षाची वर्गणी वेगळी.
कार्मार्थनला आईला फोन केला.
ती म्हणाली, मग आता घरी येतेस का?

मोखेथीने विचारलं, पगार वाढला?
नाही.
मग?
आता काही चुकलं तर माझं नाव जाईल.
तो दातांतून शिट्टी वाजल्यासारखा हसला,
‘आधी कुणाचं जात होतं?’

त्याच्यापाशी एकच कागद आहे,
पाकिटात, प्लास्टिकमध्ये, चार घड्यांचा :
वेल्कमच्या सोन्याच्या खाणीतलं ओळखपत्र,
कामगार क्रमांक बरोबर, नाव चुकीचं.
एकदा दाखवलं होतं मला.
मी ते कुठल्याच परिशिष्टात जोडलं नाही.

मग चौथ्या खांबाच्या दिवशी
आपण नमुन्याचे सहा ठोकळे भरले.
ओल्या माथ्यावर खिळ्याने तारीख कोरायची असते.
पाचांवर त्याने तारीख कोरली.
सहाव्यावर तारीख, आणि खाली माझी चार अक्षरं,
शेवटचं उलटं.

म्हटलं, न्ताते, हा तर अठ्ठाविसाव्या दिवशी
मासेरूच्या यंत्रात दाबून फोडायचा.
‘माहीत आहे,’ तो म्हणाला,
आणि खिळा पँटला पुसून खिशात ठेवला.

ठोकळा टाकीत आहे, पाण्याखाली.
आज अकरावा दिवस.